मरणसमयी साह्य कोणते मागावे?

(धर्मग्रामाच्या महोत्सवी व्याख्यानमालेत प्रमुख धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी मरणाचा विषय कशाला काढला, असे आपणांपैकी कित्येकांस वाटले असेल. परंतु जरा विचार करा. ज्या ख्रिस्तमंदिराचा आपण उत्सव करीत आहो, त्याच्या भिंतीस लागूनच आपली दफनभूमी आहे. आपल्या वाडवडिलांनी बाप्तिस्म्याचे पाणी आणि मरणाची माती यांत फारसे अंतर ठेवले नाही. रोज सांजवेळी रोझरीचे मणी सरकवताना आपण पवित्र मरियेकडे दोनच वेळांसाठी विनंती मागतो : एक आताची वेळ आणि दुसरी आपल्या मरणाची वेळ. आताच्या वेळेविषयी या व्याख्यानमालेत पुष्कळ बोलून झाले. त्या दुसऱ्या वेळेविषयी आज थोडे बोलावे असा माझा मानस आहे.

हा विषय निवडण्यास दोन कारणे घडली. पहिले कारण दूरदेशीचे आहे. आपल्या पुष्कळ कुटुंबांतील मुलेमुली कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशी स्थायिक झाली आहेत. त्या देशांत वैद्याच्या साह्याने मरण मागण्याचा कायदा झाला आहे. तिकडून आलेले लोक मला विचारतात, 'फादर, इस्पितळात आम्हांस कोणी असे विचारले तर काय उत्तर द्यावे? ते मरण कोणास मिळते? ते मागणे पाप आहे काय?' दुसरे कारण अगदी आपल्या दाराशी आहे. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर थोरल्या मुलास डॉक्टर विचारतात, 'वडिलांना व्हेंटिलेटर लावायचा काय?' एक मुलगा 'नको' म्हणणे हा खून होईल या भयाने जमीन गहाण टाकतो. दुसरा 'नको' म्हणतो आणि पुढे वर्षानुवर्षे 'मीच बापाला मारले' असे शल्य उरात वागवतो. दोन्ही प्रश्न वरवर वेगळे दिसतात, पण ते एकाच संभ्रमातून उगवलेले आहेत. मरण देणे आणि मरण येऊ देणे, यांतील भेद आपणांस कोणी नीट समजावून दिलेला नाही. तो भेद स्पष्ट करणे हाच आजच्या बोलण्याचा हेतू होय.

प्रथम शब्दांचा गोंधळ दूर करू. आपल्या वृत्तपत्रांत 'इच्छामरण' हा एकच शब्द सर्व प्रकारांस लावितात. हा शब्द महाभारतातला. भीष्माचार्यांस इच्छामरणाचा वर होता, आणि त्या वराचा उपयोग त्यांनी मरण लवकर आणण्यासाठी नव्हे, तर उत्तरायण लागेपर्यंत ते लांबविण्यासाठी केला. आज ज्याची चर्चा होते त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. रोग्याच्या मागणीवरून डॉक्टरने स्वतः प्राणघातक औषध टोचणे, ही पहिली. डॉक्टरने असे औषध लिहून देणे व रोग्याने ते आपल्या हाताने घेणे, ही दुसरी. ज्या उपचाराने आता लाभ नाही, केवळ क्लेश आहेत, तो उपचार न करणे किंवा थांबविणे आणि रोगाने येणारे मरण येऊ देणे, ही तिसरी. पहिल्या दोहोंत मृत्यूचे कारण औषध असते. तिसरीत मृत्यूचे कारण रोग असतो. ही एक खूणगाठ मनाशी पक्की बांधली म्हणजे पुढील सर्व विवेचन सुलभ होईल.

आता परदेशांतील कायदे पाहू. अमेरिकेतील ऑरेगन या राज्यात १९९४ साली मतदारांनी असा कायदा संमत केला व १९९७ साली तो अमलात आला. तेथे पात्रता अशी : रोगी अठरा वर्षांवरील असावा, स्वतःचा निर्णय करण्यास समर्थ असावा, आणि त्याचे आयुष्य सहा महिन्यांहून अधिक उरले नाही असे दोन डॉक्टरांनी ठरवावे. औषध त्याने स्वतःच घ्यावयाचे असते. नेदर्लंड्स व बेल्जियम या देशांत २००२ साली कायदे झाले. तेथे सहा महिन्यांची अट नाही. यातना असह्य असाव्यात व सुधारण्याची आशा नसावी, एवढे पुरते. बेल्जियमने २०१४ साली वयाची अटही काढून टाकली. न्यूझीलंडमध्ये २०२० साली लोकमत घेऊन २०२१ च्या नोव्हेंबरात कायदा लागू झाला. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने २०१९ साली आरंभ केला आणि २०२३ अखेर सर्व सहाही राज्यांत तो चालू झाला.

कॅनडाची हकीकत अधिक सविस्तर सांगितली पाहिजे, कारण विचारणा तिकडूनच पुष्कळ होते. २०१५ च्या फेब्रुवारीत तेथील सर्वोच्च न्यायालयाने या कृत्यावरील सरसकट बंदी रद्द केली आणि २०१६ च्या जूनमध्ये संसदेने कायदा केला. मागणी करणारा अठरा वर्षांचा असावा. त्याची मागणी कोणाच्या दडपणाखाली नसावी. त्यास गंभीर व असाध्य रोग अथवा अपंगत्व असावे. त्याची शक्ती परत न येण्याइतकी खालावलेली असावी. आणि त्याच्या यातना त्यास मान्य होईल अशा कोणत्याही उपायाने शमत नसाव्यात. मागणी लेखी हवी, साक्षीदार हवा, आणि परस्परांपासून स्वतंत्र अशा दोन डॉक्टरांनी किंवा विशेष अधिकार असलेल्या परिचारकांनी तपासणी केली पाहिजे. शिवाय तो मनुष्य तेथील सरकारी आरोग्यसेवेस पात्र असला पाहिजे. म्हणून मुलाकडे पाहुणे म्हणून चार महिने राहावयास गेलेल्या आईबापांस हा कायदा सामान्यतः लागूच पडत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या भयाने तिकडे इस्पितळाची पायरी चढावयास कचरणारे वृद्ध लोकही असतात. कोणी मागितल्यावाचून हे मरण कायद्याने कोणासही देता येत नाही.

प्रारंभी कॅनडात आणखी एक अट होती : नैसर्गिक मृत्यू दृष्टीच्या टप्प्यात आलेला असावा. २०२१ च्या मार्चमध्ये ही अट सर्वांसाठी आवश्यक राहिली नाही. ज्याचे मरण जवळ नाही त्याच्याही मागणीचा विचार होऊ लागला. मात्र तपासणीस निदान नव्वद दिवस दिले पाहिजेत, असे ठरले. केवळ मानसिक व्याधी असलेल्यांसही पुढे हे दार उघडावयाचे होते. पण देश त्यास सिद्ध नाही असे पाहून २०२४ साली संसदेने ते मार्च २०२७ पर्यंत लांबणीवर टाकले. २०२३ या एका वर्षात कॅनडात १५,३४३ लोक या रीतीने मरण पावले. म्हणजे त्या वर्षीच्या शंभर मृत्यूंत जवळजवळ पाच. त्यांतील बहुतेकांचे नैसर्गिक मरण जवळ आलेलेच होते, हेही सांगितले पाहिजे. तसेच सगळीकडे अटी सैल होत गेल्या असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. ऑरेगनने राज्याबाहेरच्या लोकांस वाट मोकळी केली, प्रतीक्षेचे दिवस काही रोग्यांसाठी कमी केले. पण सहा महिन्यांची मूळ अट आजवर सोडलेली नाही.

आता खरा महत्त्वाचा प्रश्न असा की लोक हे मरण कशासाठी मागतात? आपण सहज म्हणू, वेदनेसाठी. वेदना हे कारण आहेच. परंतु ऑरेगन व कॅनडा येथील सरकारी अहवाल दरवर्षी कारणे नोंदवितात, आणि त्यांत वेदना पहिल्या क्रमांकावर नसते. ज्या गोष्टींत जीव रमत होता त्या आता करता येत नाहीत. उठणे, नाहणे, जेवणे यांसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. घरच्यांवर आपला भार पडतो. ही कारणे वारंवार येतात. कॅनडाच्या २०२२ च्या अहवालात शंभरांपैकी सुमारे सतरा जणांनी एकाकीपणा हेही एक कारण म्हणून सांगितले. बंधुभगिनींनो, एकाकीपणावरचे औषध कोणत्याही औषधालयात मिळत नाही. ते शेजाऱ्याच्या घरात मिळावयाचे असते.

ही केवळ पाश्चात्त्यांची गोष्ट आहे असे समजून आपण निश्चिंत होऊ नये. २०१८ साली मुंबईतल्या चर्नी रोड भागातील एका वृद्ध दांपत्याची बातमी सर्वत्र गाजली. त्यांनी थेट राष्ट्रपतींकडे अर्ज करून दोघांसही एकदम मरण्याची परवानगी मागितली होती. त्यांस कोणताही प्राणघातक रोग नव्हता. मूलबाळ नव्हते. पुढे आजारपण आले, परावलंबन आले, तर काय होईल, ही धास्ती होती. परवानगी मिळाली नाही, कारण आपल्या देशात तसा कायदाच नाही. पण कायद्याने नाही म्हटल्याने त्यांची धास्ती गेली काय? कायदा 'नाही' म्हणतो तेथे त्याचे काम संपते. आपले काम तेथून सुरू होते.

आता ख्रिस्तसभेची शिकवण ऐका. येथे दोन बाजूंच्या दोन चुका आहेत आणि ख्रिस्तसभा दोहोंच्या मधून सरळ वाट दाखविते.

एका बाजूस ती सांगते की निरपराध मनुष्याचा प्राण हेतुपुरस्सर घेणे, मग तो दयेपोटी असो अथवा त्याच्या स्वतःच्या मागणीवरून असो, हे पाप होय. प्राण ही आपली मिळकत नव्हे. ती आपणाकडे सोपविलेली ठेव आहे. १९८० साली विश्वासविषयक परिषदेने आणि १९९५ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी 'जीवनाचे शुभवर्तमान' या परिपत्रकात ही शिकवण निःसंदिग्ध शब्दांत मांडली. २०२० साली रोमहून चांगल्या शोमरोन्याच्या नावाने निघालेल्या पत्रात तिची पुन्हा उजळणी झाली.

दुसऱ्या बाजूस तीच ख्रिस्तसभा तितक्याच स्पष्टपणे सांगते की कसेही करून श्वास चालू ठेवणे हे मनुष्याचे कर्तव्य नव्हे. आणि हे काही आज नव्याने काढलेले मत नाही. १९५७ च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या सभेपुढे सांगितले की मनुष्यास साधारण साधने वापरण्याचे बंधन आहे. असाधारण, म्हणजे स्वतःवर वा इतरांवर अवजड ओझे टाकणारी साधने वापरण्याचे बंधन नाही. त्याच वर्षी त्यांनी असेही सांगितले की वेदना शमविण्यासाठी दिलेल्या औषधाने कदाचित आयुष्य किंचित घटले, तरी हेतू वेदनाशमनाचा असेल व दुसरा उपाय नसेल तर ते औषध देणे योग्य आहे. धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही हेच आहे : जे उपचार फार क्लेशकारक, धोक्याचे किंवा अपेक्षित लाभाच्या मानाने अतिरेकी आहेत, ते थांबविणे म्हणजे मरण घडवून आणणे नव्हे, मरण आपणांस अडविता येत नाही, हे नम्रपणे मान्य करणे होय.

याचे उदाहरण पोप दुसरे जॉन पॉल यांच्या चरित्रातच आहे. २००५ च्या आरंभी ते दोनदा रोमच्या इस्पितळात राहून आले. मार्चअखेर प्रकृती पुन्हा ढासळली, तेव्हा त्यांस इस्पितळात हलविण्यात आले नाही. आपल्या खोलीत, प्रार्थना करणाऱ्या माणसांच्या सहवासात, २ एप्रिल रोजी त्यांनी देह ठेवला. ज्यांनी दयामरणाचा इतका तीव्र निषेध केला होता, त्यांच्या त्या निर्णयास कोणी आत्महत्या म्हणेल काय?

म्हणून त्या दोघा मुलांस मी आज सर्वांदेखत सांगतो. ज्याने जमीन गहाण टाकली त्यास : बाबा रे, तुझे प्रेम थोर आहे; पण डॉक्टर जर सांगत होते की यंत्राने फक्त मरण लांबेल, तर ते ओझे ख्रिस्तसभेने तुझ्यावर घातलेले नव्हते. आणि ज्याने 'नको' म्हटले त्यास : तू बापाला मारले नाहीस. रोगाने त्याचा अंत झाला आणि तू त्याचा हात धरून बसला होतास. हे शल्य आता खाली ठेव.

आता आपल्या देशाचा कायदा. भारतात डॉक्टरने प्राणघातक औषध देणे हा गुन्हा आहे, आणि कोणास आत्महत्येस साह्य करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेखाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तेव्हा 'आपल्याकडे हे मरण कोणास मिळते' या प्रश्नाचे उत्तर 'कोणासही नाही' असे एका वाक्यात देता येते. परंतु मघाशी सांगितलेली जी तिसरी गोष्ट, निरर्थक उपचार थांबविण्याची, तिला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली आहे. न्यायालयाने तिला 'निष्क्रिय दयामरण' हे नाव दिले. ख्रिस्तसभेस ते नाव रुचत नाही. पण नावाहून गोष्ट महत्त्वाची.

ही मान्यता एका मुंबईच्या रुग्णशय्येपासून सुरू झाली. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथेच निर्घृण हल्ला झाला आणि त्यांच्या मेंदूस कायमची इजा पोहोचली. पुढे जवळजवळ बेचाळीस वर्षे त्या त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या. त्यांचे अन्न थांबवावे असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात झाला, तेव्हा रुग्णालयातील परिचारिका ठामपणे पुढे आल्या व म्हणाल्या की आम्ही त्यांचे सर्व करू, त्यांस मरू देणार नाही. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. ज्यांनी त्यांस चालताबोलता कधी पाहिलेही नव्हते अशा मुलींनी त्यांस भरविले, पुसले, कूस बदलून दिली. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. मात्र त्याच निकालात, काही प्रसंगी उच्च न्यायालयाच्या संमतीने उपचार थांबविता येतील, अशी वाट मोकळी केली. अरुणा १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने वारल्या. कायद्याची पुस्तके त्यांस त्या निकालासाठी स्मरतील. आपण त्यांच्यासवे त्या परिचारिकांसही स्मरावे.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला की सन्मानाने मरणे हे जीवनाच्या हक्कातच अंतर्भूत आहे, आणि मनुष्यास आपल्या शेवटच्या आजारातील उपचारांविषयी आगाऊ लिहून ठेवता येईल. यास लोक 'लिव्हिंग विल' म्हणतात. आपण त्यास वैद्यकीय इच्छापत्र म्हणू. मृत्युपत्राशी याची गल्लत करू नका. मृत्युपत्र मालमत्तेचे असते व मेल्यावर उघडतात. हे पत्र देहाचे असते व जिवंतपणीच उपयोगी पडते. पहिली पद्धत फार किचकट होती. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. ती अशी :

लिहिणारा सज्ञान व शुद्धीवर असावा आणि त्याने स्वखुशीने लिहावे. कोणत्या अवस्थेत कोणता उपचार नको, हे स्पष्ट असावे. आपणांस बोलता येईनासे झाल्यास आपल्या वतीने निर्णय सांगणारी विश्वासाची माणसे, एकाहून अधिकही चालतील, त्यांची नावे त्यात घालावीत. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ते नोटरीपुढे किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे प्रमाणित करावे. मॅजिस्ट्रेटकडे जाण्याची गरज आता उरली नाही. एक प्रत घरच्यांस, एक घरच्या डॉक्टरास, एक ग्रामपंचायत, नगरपालिका अथवा महानगरपालिका यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी. मन बदलले तर ते केव्हाही लेखी रद्द करता येते. गोव्यात २०२४ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतः असे पत्र करून लोकांपुढे उदाहरण ठेविले.

पत्र असले म्हणून डॉक्टर लगेच यंत्र काढीत नाहीत. रोगी बरा होण्यापलीकडे गेला असेल व स्वतः निर्णय करू शकत नसेल, तरच ते पत्र वाचावयाचे. मग उपचार करणारा डॉक्टर व दोन अनुभवी तज्ज्ञ यांचे पहिले मंडळ विचार करते. त्यानंतर दुसरे मंडळ बसते, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचविलेला एक डॉक्टर असतो. शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत प्रत्येक मंडळाने मत द्यावे. दोन्ही मंडळांची व घरच्यांची संमती झाल्यावर, अंमल करण्यापूर्वी, रुग्णालयाने मॅजिस्ट्रेटास कळवावयाचे असते. मतभेद झाला तर उच्च न्यायालयाचे दार आहे. ज्याने पत्र लिहिलेले नाही, त्याच्याबाबतही जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने अशाच दोन मंडळांची पद्धत आहे.

येथे ख्रिस्ती मनुष्याने एक दक्षता घ्यावी. कायदा नळीने दिलेल्या अन्नपाण्यासही उपचारच समजतो. ख्रिस्तसभा मात्र २००७ साली दिलेल्या उत्तराप्रमाणे अन्नपाणी ही सामान्य शुश्रूषा मानते; देह ते ग्रहण करीत नसेल किंवा त्यापासूनच क्लेश होत असतील, तर गोष्ट निराळी. म्हणून पत्रात 'अन्नपाणी बंद करावे' असे सरसकट लिहू नये. 'माझ्या मृत्यूस कारण होईल असे काही करू नये, केवळ मरण लांबविणारे उपचारही करू नयेत, वेदना शमवाव्यात आणि धर्मगुरूंस बोलवावे', असा आशय असावा. मसुदा करताना डॉक्टर, वकील व आपले धर्मगुरू या तिघांशीही बोलावे, आणि मुख्य म्हणजे मुलांशी बोलावे. आपल्या घरांत जमिनीच्या वाटण्या उघडपणे बोलतात, पण बापाच्या शेवटच्या आजाराविषयी बोलणे अशुभ मानतात. अशुभ बोलणे नसते. न बोलल्यामुळे अतिदक्षता विभागाच्या दाराशी भावाभावांत जी भांडणे जुंपतात, ती अशुभ असतात.

परंतु समजा, सर्व कागद यथासांग झाले. तरी वेदनेचे काय? 'मारू नका' एवढेच सांगून जो निघून जातो, तो त्या गोष्टीतल्या याजकासारखा रस्त्याच्या पलीकडून गेला असेच म्हणावे लागेल. शोमरोनी मनुष्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्यास आपल्या जनावरावर घातले आणि उतारशाळेचे पैसेही दिले. या कामास आज पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक शुश्रूषा म्हणतात. लंडनमध्ये १९६७ साली सिसिली सॉंडर्स या विदुषीने सेंट क्रिस्टोफर्स हे मरणोन्मुखांचे आश्रयस्थान स्थापिले आणि जगास शिकविले की मरणाऱ्याची वेदना केवळ देहाची नसते. ती मनाची, घरादाराची व आत्म्याचीही असते. आपल्या देशातील असे पहिले आश्रयस्थान मुंबईतच, वांद्र्यास माउंट मेरीच्या परिसरात, १९८६ साली डॉक्टर लुईस डिसोझा यांनी उभारले. ते शांती अवेदना सदन होय. असाध्य कर्करोग झालेल्यांची तेथे विनामूल्य शुश्रूषा होते. गोव्यात व दिल्लीतही त्याच्या शाखा आहेत.

मॉर्फीन या औषधाविषयी आपल्या लोकांत फार भीती आहे. 'मॉर्फीन चालू केले म्हणजे संपलेच,' असे म्हणतात. योग्य प्रमाणात, डॉक्टरच्या देखरेखीखाली दिलेले मॉर्फीन मारीत नाही. ते झोप देते, श्वास सुखाचा करते, मुलाबाळांशी चार शब्द बोलण्याइतकी उसंत देते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे ते मिळणे पूर्वी फार दुर्घट झाले होते; २०१४ साली संसदेने कायदा सुधारून वाट सुकर केली. म्हणून घरी कर्करोगाचा रोगी तळमळत असेल तर 'प्रभूची इच्छा' म्हणून स्वस्थ बसू नका. त्याची वेदना शमविणाऱ्या डॉक्टरचा शोध करा. वेदना सोसणाऱ्यास स्वतःची वेदना प्रभूस अर्पण करता येते. दुसऱ्याची वेदना आपण परस्पर अर्पण करू नये.

केरळात १९९३ साली कोझिकोड येथे काही डॉक्टरांनी हे काम आरंभिले आणि पुढे गावोगावच्या शेजाऱ्यांनी ते आपले मानले. डॉक्टर व परिचारिका औषध देतात. शेजारी अंग पुसतात, भाकरतुकडा पोहोचवितात, रात्री सोबतीस बसतात. हे करण्यास मोठे इस्पितळ लागत नाही. आपल्या धर्मग्रामात वाड्यावाड्यांतून छोटे ख्रिस्ती समूह आहेत. प्रत्येक समूहाने आपल्या हद्दीत अंथरुणास खिळलेले किती, हे लिहून काढावे. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या सुनेस किंवा मुलीस आठवड्यातून एक दुपार सुटी मिळावी म्हणून कोणी तरी जाऊन बसावे. कुरेनेकर शिमोनाने क्रूस थोडीच वाट वाहिला, तरी त्याचे नाव शुभवर्तमानात राहिले. महोत्सवाचे स्मारक म्हणून नवी कमान बांधण्यापेक्षा एवढे जरी झाले तरी मला अधिक आनंद होईल.

आणखी दोन गोष्टी सांगून संपवितो. पहिली धर्मगुरूंस बोलविण्याविषयी. पुष्कळ घरी रुग्णाभिषेकासाठी फादरांस बोलविले म्हणजे रोगी घाबरेल, असे वाटते. म्हणून शुद्ध हरपेपर्यंत थांबतात. तो केवळ शेवटच्या घटकेचा संस्कार नव्हे. गंभीर आजाराच्या आरंभीच घ्यावयाचा आहे. आणि मरणसमयी मिळणारे ख्रिस्तशरीर म्हणजे वाटेची शिदोरी होय. शिदोरी प्रवासी निघण्यापूर्वी द्यावयाची असते. तो दूर गेल्यावर ती देऊन काय उपयोग?

दुसरी गोष्ट, ज्याने मरण मागितले आहे त्याच्याविषयी. परदेशी असलेला आपला कोणी आप्त तशा विचारात असेल, तर त्याच्याशी वाद घालू नका आणि त्यास टाकूही नका. त्याच्याकडे जा, अथवा रोज फोन करा. त्यास काय सोसवत नाही, ते विचारा. पुष्कळदा वेदनेवर उपाय झालेला नसतो. पुष्कळदा कोणी आलेले नसते. धर्मगुरूही त्याच्याकडे जाईल, त्याचे ऐकेल, आणि तो निर्णय मागे घेण्यास सिद्ध असेल तर त्यास साक्रामेंत देईल. त्या कृत्यास संमती वाटेल असे मात्र तो काही करणार नाही. आणि ज्यांचा अंत तसा झालाच, त्यांच्या तारणाविषयी ख्रिस्तसभा निराश होत नाही. ती त्यांच्यासाठी प्रार्थना करिते. या सभेत बसलेल्यांपैकी कोणाच्या मनात जगणे नको असा विचार घोळत असेल, तर त्याने आज रात्रीच कोणाशी तरी बोलावे. माझ्या दारावर कोणत्याही वेळी थाप मारावी. सरकारने २०२२ पासून चालविलेल्या टेली-मानस या सेवेस १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्री फोन करता येतो.

बंधुभगिनींनो, आपण मरणास पात्र आहो हे ठरविण्यास कोणत्याही डॉक्टरची गरज नाही. ते आदामापासून ठरलेलेच आहे. प्रभू येशूनेही गेथशेमाने बागेत मरणाचे भय अनुभवले. त्या रात्री त्याने शिष्यांजवळ मरण मागितले नाही. एक घटकाभर जागत सोबत करा, एवढेच मागितले, आणि ते झोपी गेले. आपल्या घरातील, आपल्या वाडीतील रोगी आपणांजवळ बहुधा हेच साह्य मागत असतो. ते त्यास आपणांकडून मिळो. सुमरणाचा आश्रयदाता संत योसेफ, ज्याच्या उशाशी येशू व मरिया होते असे आपली श्रद्धा सांगते, तो आपणांसाठी विनंती करो. आणि आपल्या धर्मग्रामात यापुढे कोणासही एकट्याने मरावे लागू नये, अशी बुद्धी व शक्ती परमेश्वर आपणा सर्वांस देवो.

 आमेन.